एमएससाठी आठवड्यातला एक वार द्या: आरोग्य खात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: शासकीय व पालिका वैद्यकीय महाविद्यालयांत मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी स्वतंत्र साप्ताहिक ओपीडी सुरू करण्याबाबत.

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

मागणी आधी सांगतो, कारणे नंतर. राज्यातल्या निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत एमएससाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्या. त्या दिवशी तीन तासांची ओपीडी, आणखी एका दिवशी शिरेवाटे औषध द्यायला दोन खुर्च्या, आणि पूर्ण वेळ एकच सिस्टर, जिच्याकडे एक मोबाइल असेल. नवी इमारत नको, नवे मोठे यंत्र नको. कोनशिला तर नकोच.

पत्र तीन कार्यालयांना एकदम लिहावे लागते आहे, कारण आमचा रुग्ण तिघांच्याही दारात जातो. जिल्ह्याचे सिव्हिल एका खात्याचे, मेडिकल कॉलेज दुसऱ्याचे, आणि मुंबईतली केईएम, सायन, नायर पालिकेची. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही चांगली गोष्ट. पण मेंदूविकारतज्ज्ञ बहुतेक दुसऱ्या खात्याच्या छपराखाली बसतात. केसपेपर एकीकडे, तज्ज्ञ दुसरीकडे, औषधाचे दुकान रस्त्यापलीकडे.

आजाराची ओळख थोडक्यात. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते, आणि स्त्रियांत प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. एका डोळ्याने धूसर दिसणे, कमरेखाली बधिरपणा, एकाचे दोन दिसणे, चप्पल पायातून निसटणे, लघवी न थांबणे अशी लक्षणे येतात, काही आठवड्यांत बरीचशी ओसरतात, आणि पुन्हा येतात. ओसरतात म्हणून घरचे निर्धास्त होतात. अशा फेरीला झटका म्हणतात, आणि बऱ्याच झटक्यांत थोडे काही कायमचे जाते.

मंगळूर शहरातल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे साधारण ८ रुग्ण आढळले होते. तेच प्रमाण २०११ च्या जनगणनेतल्या ११ कोटी २४ लाखांना लावले, तर महाराष्ट्राचा आकडा नऊ हजारांच्या घरात जातो. हा अंदाज झाला. मोजणीसाठी नोंद लागते, आणि नोंद ठेवायला जागा. मुंबईतल्या पारशी समाजात हा आजार अधिक आढळतो हे १९८० च्या दशकातल्या अभ्यासांनी दाखवले होते. बाकीच्या महाराष्ट्राची मोजदाद व्हायची आहे.

आता मुद्द्याचे. पूर्वी तक्रार अशी असे की औषधच परवडत नाही. आजही इंटरफेरॉनची इंजेक्शने स्वस्त नाहीत. पण डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड या गोळ्या-कॅप्सूल भारतीय कंपन्या बनवतात. शिरेवाटे द्यायच्या रिटक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ पासून बाजारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएसची तीन औषधे पहिल्यांदाच अत्यावश्यक यादीत घेतली: ग्लाटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रिटक्सिमॅब. म्हणजे औषध हाताशी आले आहे. ते सांभाळून देणारी जागा मात्र नाही, आणि ही औषधे सांभाळल्याशिवाय द्यायची नसतात.

फिंगोलिमॉड घ्या. दिसायला रोज एक कॅप्सूल, ०.५ मिलिग्रॅमची. पहिली कॅप्सूल दिल्यावर नाडी मंदावते, म्हणून सहा तास रुग्णाला बसवून दर तासाला नाडी आणि रक्तदाब बघायचा, आधी आणि नंतर ईसीजी काढायचा. त्याआधी कांजिण्यांची प्रतिपिंडे आहेत का ते तपासायचे. नसतील तर लस देऊन महिनाभर थांबायचे. तीन-चार महिन्यांनी डोळ्याच्या पडद्याला सूज नाही ना हे नेत्रतज्ज्ञाकडून पाहून घ्यायचे. इथपर्यंत चांगला डॉक्टर सगळे करतो. फसते ते पुढे. सुगीला किंवा गणपतीला माणूस गावी जातो, कॅप्सूल संपतात, तीन आठवडे खंड पडतो, परतल्यावर उरलेल्या पाकिटातली एक घेऊन तो कामाला लागतो. चौदा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्या दिवसासारखे सहा तास बसवावे लागते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. आणि कायमचीच बंद केली, तर काही जणांत आजार आधीपेक्षा जोराने उसळतो. ‘परवडत नाही, दोन महिने थांबू’ असे या औषधाबाबत चालत नाही. कुणी तरी त्याला आधी फोन करायला हवा: गावी कधी निघालात, पाकिटे किती आहेत?

डायमिथाइल फ्युमरेटचे दुखणे वेगळे. पहिले सात दिवस १२० मिलिग्रॅम दोनदा, मग २४० दोनदा, भरल्या पोटी. चेहरा लाल होतो, पोट बिघडते, आणि हे महिनाभरात कमी होते असे सांगितले नसेल तर माणूस तिसऱ्या आठवड्यात औषध सोडतो. खरा धोका रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घटण्याचा. त्यासाठी दर तीन ते सहा महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. आता तालुक्याच्या लॅबचा रिपोर्ट डोळ्यापुढे आणा. एकूण पांढऱ्या पेशी २८००, लिम्फोसाइट १६ टक्के. टक्केवारीच्या रांगेत १६ हा आकडा कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. गुणाकार करा: ४४८. पाचशेच्या खालची ही संख्या सहा महिने टिकली तर औषध बंद करण्याचा विचार करावा लागतो, कारण पीएमएल नावाच्या जीवघेण्या मेंदूसंसर्गाची भीती असते. लॅब गुणाकार करत नाही, रुग्णाला तो माहीत नाही, आणि सामान्य ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटे देणारा रेसिडेंट रिपोर्टवर ‘पाहिले’ एवढीच खूण करतो. त्याचा दोष नाही. त्या मेजावर पुढचा रुग्ण फिटचा, त्यापुढचा अर्धांगाचा, त्यापुढचा डोकेदुखीचा असतो.

टेरिफ्लुनोमाइड १४ मिलिग्रॅम. पहिले सहा महिने दरमहा यकृताची तपासणी. आणि ही गोळी गर्भाला घातक आहे. बंद केल्यावरही ती सरासरी आठ महिने, काहींत दोन वर्षांपर्यंत रक्तात राहते. लवकर काढून टाकायची तर कोलेस्टिरामाइन ८ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, ११ दिवस द्यावे लागते, आणि मग रक्तातली पातळी तपासावी लागते. तरुण मुलींचा आजार, आणि औषध हे. त्यात आपल्याकडची रीत अशी की लग्न ठरले की आजार झाकायचा आणि औषध गुपचूप बंद करायचे. मुलगी ओपीडीत आई-वडिलांसमोर काही बोलत नाही. तिला सिस्टरसोबत दार लावून वीस मिनिटे मिळाली, तर ‘एमएस असलेल्या बाईला मूल होऊ शकते, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झटके उलट कमी होतात, बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने जपायचे असतात, म्हणून औषध कधी थांबवायचे आणि कोणते निवडायचे ते आधी ठरवू’ हे तिला कळेल. वीस मिनिटांसाठी कोणतेच यंत्र लागत नाही.

रिटक्सिमॅबबद्दल जरा सविस्तर, कारण सरकारी रुग्णालयांत हेच सर्वांत उपयोगी पडेल. बहुतेक ठिकाणी ५०० ते १००० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी देतात. परवान्यात एमएस हा आजार नाही, म्हणून मराठीतले संमतिपत्र लागते; इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणे म्हणजे संमती नाही. देण्याआधी कावीळ-बीच्या दोन तपासण्या हव्यात: एचबीएसएजी आणि एकूण अँटी-एचबीसी. दुसरी सर्रास राहते. पहिली निगेटिव्ह आली की सगळे निश्चिंत होतात, आणि जुनी दबलेली कावीळ या औषधाने उठून यकृत निकामी करू शकते. सोबत एचआयव्ही, कावीळ-सी, छातीचा एक्स-रे, क्षयासाठी मॅन्टू किंवा आयजीआरए, आणि इम्युनोग्लोब्युलिन-जी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी. न्यूमोनियाची आणि कावीळ-बीची लस औषधाच्या किमान दोन, शक्यतो चार आठवडे आधी, कारण नंतर दिलेली लस नीट लागू पडत नाही.

प्रत्यक्ष दिवशी मिथाइलप्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीविरोधी औषध अर्धा ते एक तास आधी. मग पहिल्या वेळी ताशी ५० मिलिग्रॅमने सुरुवात, त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाला ५० ने वाढवत जास्तीत जास्त ४०० पर्यंत. पहिल्या दोन तासांत घशात खवखव, थंडी, अंगावर चट्टे येऊ शकतात. तेव्हा थांबवायचे, लक्षणे गेली की निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करायचे. हे पंपावर चालवायचे काम आहे. थेंब मोजून चालवले की वॉर्डातल्या धावपळीत वेग कधी वाढला ते कळत नाही. शेजारी ॲड्रिनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, ऑक्सिजन. एका रुग्णाला पाच-सहा तास. दोन खुर्च्या, आठवड्यातून एक दिवस, म्हणजे वर्षाला साधारण शंभर वेळा, म्हणजे सहामाही औषध घेणारे पन्नास रुग्ण. यासाठी खाट अडवून भरती करण्याची गरज नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले खरे, पण तिचा साचा भरतीच्या पॅकेजचा आहे आणि एमएस हा आयुष्यभराच्या ओपीडीचा आजार आहे. डे-केअरमधले औषध, वर्षातला एक एमआरआय आणि वर नमूद केलेल्या तपासण्या योजनेत कशा बसवायच्या, हे योजनेच्या सोसायटीने एकदा मेंदूविकारतज्ज्ञांसोबत बसून ठरवावे. खरेदीचे काम महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. या चार औषधांचा तीन महिन्यांचा साठा कायम शिल्लक राहील अशी अट दरकरारात असावी. ‘साठा संपला, पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर खोकल्याच्या औषधाला चालून जाते.

आता सिस्टरकडे येतो, कारण आमच्या मते अख्ख्या मागणीत हीच जागा सर्वांत महत्त्वाची आहे. ब्रिटनमध्ये एमएसच्या विशेष परिचारिका आहेत आणि तिथल्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक सूचना वर्षातून किमान एक सर्वांगीण आढावा घ्यायला सांगते. आपल्याकडे नर्सिंगची ड्यूटी महिना-दोन महिन्यांत फिरते. आज शिकवलेली सिस्टर पुढच्या महिन्यात प्रसूती कक्षात. एमएसच्या सिस्टरला निदान तीन वर्षे हलवू नका, एवढा एक आदेश पुरे. तिच्याकडे एक वही किंवा साधी संगणकावरची तक्ता-फाइल: नाव, तालुका, निदानाचे वर्ष, औषध, शेवटची तपासणी, पुढची तपासणी, शेवटचा एमआरआय, पुढची खुर्ची. सोमवारी तिने वही उघडायची आणि ज्यांची तारीख उलटून गेली त्यांना फोन लावायचा.

उलटा फोन, म्हणजे रुग्णाने केलेला, सकाळी दहा ते चार. त्यात ती जे विचारते त्यावर पुढचे सगळे ठरते. लक्षण नवे आहे की जुनेच वाढले? सलग २४ तासांपेक्षा जास्त आहे का? ताप आहे का, लघवीला जळजळ आहे का? मागच्या झटक्याला तीस दिवस होऊन गेले का? औषध चुकले का? ताप किंवा जळजळ असेल तर आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी. नसेल तर पाच दिवसांच्या आत बोलावणे.

हा साधा प्रश्नसंच नसल्यामुळे काय होते ते कॅज्युअल्टीत रोज दिसते. पाय अचानक जड झाले म्हणून माणूस रात्री येतो, केसपेपरवर एमएस लिहिलेले असते, स्टिरॉइड सुरू होते. मुळात असतो तो मूत्रमार्गाचा संसर्ग. शरीराचे तापमान अर्धा-एक अंश वाढले तरी आवरण गेलेल्या नसेतून संदेश अडखळतो आणि जुनी लक्षणे नव्याने झाल्यासारखी वाटतात. अशा वेळी स्टिरॉइड दिले तर संसर्ग फोफावतो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये तर नुसत्या उन्हाने दृष्टी धूसर होते. गार फडकी, पंख्याखाली तासभर, आणि दिसू लागते. झटका खरा असेल तर मात्र उशीर नको: मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम रोज, तीन ते पाच दिवस, सलाइनमधून किमान तासभर लावून, घाईने दिल्यास हृदयाची लय बिघडू शकते, आधी लघवी, साखर, पोटॅशियम, रक्तदाब. हे तालुक्याच्या ठिकाणीही देता येते, गडचिरोलीहून नागपूरला आणायची गरज नाही. त्याने फरक पडला नाही तर एक दिवसाआड पाच ते सात वेळा प्लाझ्मा (रक्तातला द्रवभाग) बदलणे, आणि ते महिन्याभराने नाही, लगेच. कोणत्या रुग्णाला कुठे पाठवायचे हे सिस्टरच्या फोनवर ठरायला हवे. सिव्हिलच्या फिजिशियनला तज्ज्ञाचा सल्ला हवा तर ई-संजीवनी ही सरकारी दूरसल्ल्याची सेवा आहेच. एमएसच्या वारी तासभर त्यासाठी राखून ठेवता येईल. सिंधुदुर्गातली माणसे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. त्यांची कागदपत्रे दोन्ही राज्यांत ओळखली जावीत म्हणून एकच आढावा-पत्रक ठरवले तर दोन्हीकडचे डॉक्टर सुखी होतील.

निदानाबद्दल तीनच गोष्टी, पण मोलाच्या. पहिली: एमएससारखाच दिसणारा एनएमओ हा वेगळा आजार आपल्याकडे दुर्मीळ म्हणावा इतका कमी नाही. त्याची ओळख ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंडाने होते, आणि इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड दिले तर तो बळावतो. म्हणून मज्जारज्जूवर लांबलचक डाग किंवा दोन्ही डोळ्यांना इजा असेल तर ही तपासणी औषधाआधी, पेशीआधारित पद्धतीने, आणि प्लाझ्मा बदलण्याआधी रक्त घेऊन. दुसरी: कण्यातल्या पाण्याची ऑलिगोक्लोनल बँड (प्रतिपिंडांचे पट्टे) तपासणी करताना त्याच दिवशी रक्ताचा नमुनाही जोडीने पाठवावा लागतो. नुसते पाणी पाठवले तर पट्टे फक्त पाण्यातच आहेत की रक्तातही, हे कळत नाही. रुग्णाच्या पाठीत सुई टोचली गेली, पैसे गेले, उत्तर नाही. तिसरी: बी-१२ ची कमतरता, क्षय, आणि अर्धशिशीच्या रुग्णांत एमआरआयवर दिसणारे निरुपद्रवी पांढरे ठिपके यांनाही चुकून एमएस समजले जाते, ते आधी वगळायचे. निदानाचे मॅकडोनाल्ड निकष २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या आवृत्तीत बदलले, आता डोळ्याची नसही मोजणीत धरतात, निदान लवकर होते. लवकर होते तसे चुकीचेही लवकर होऊ शकते.

एमआरआयची रड निराळीच. चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन प्लेन’ एवढेच लिहिले की सेंटर आपल्या सोयीचे पाच मिलिमीटरचे जाड काप काढते. पुढच्या वर्षी दुसरे सेंटर, वेगळे काप. मग ‘नवा डाग आला का’ या एकमेव प्रश्नाचे उत्तर दोन्ही फिल्म उजेडाला धरून डोळे बारीक करूनही मिळत नाही. रेडिओलॉजी विभागाशी बोलून चिठ्ठीचा एक शिक्का बनवा: थ्री-डी फ्लेअर, टी-टू, काप तीन मिलिमीटर किंवा कमी, मधे अंतर नको, औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एकदा आणि मग वर्षाला एकदा, त्याच यंत्रावर, पाठपुराव्याला दर वेळी गॅडोलिनियमचे (डाग उठून दिसण्यासाठीचे) इंजेक्शन नको. चित्रे सर्व्हरवर ठेवा. घरी लोखंडी पेटीत ठेवलेली सीडी तीन पावसाळ्यांनंतर उघडत नाही.

ओपीडीचा दिवस कसा असेल तेही लिहून देतो, म्हणजे प्रस्ताव बनवताना कुणाला कल्पनाशक्ती वापरावी लागणार नाही. साडेनऊ ते साडेबारा. दोन डॉक्टर: एक मेंदूविकारतज्ज्ञ, एक सीनियर रेसिडेंट. नवे रुग्ण चार, प्रत्येकी चाळीस मिनिटे. जुने बारा, प्रत्येकी पंधरा मिनिटे. बेरीज ३४० मिनिटे, दोघांत विभागली की तीन तासांच्या आत. वेळ फोनवर ठरलेली, केसपेपरच्या खिडकीवर रांग नाही, कारण काठी घेऊन अर्धा तास उभा राहिलेला माणूस आत पोहोचेपर्यंत तपासण्याजोगा उरत नाही. खोली तळमजल्यावर, त्याच मजल्यावर दांडी असलेले शौचालय, कूलर. कॉरिडॉरच्या फरशीवर रंगाच्या दोन रेघा, अंतर ७.६२ मीटर, म्हणजे पंचवीस फूट. सिस्टरच्या हातात मोबाइलचे स्टॉपवॉच. मागच्या वेळी ८ सेकंद, आज १०: हा पंचवीस टक्क्यांचा फरक झाला, आणि वीस टक्क्यांपुढचा फरक गंभीरपणे घ्यायचा असतो. हातांसाठी नऊ खुंट्यांची पाटी, कोणताही सुतार बनवून देईल. विचारशक्तीसाठी चिन्हे आणि अंकांची नव्वद सेकंदांची चाचणी. या तीन आकड्यांना मिळून दहा मिनिटे लागतात, आणि दर वेळच्या ‘कसे वाटते?’ ‘बरे आहे’ पेक्षा ते बरेच जास्त सांगतात.

फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याच खोलीत असावेत. ‘दुसऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जा’ असे नको. स्नायू आखडल्यावर बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅम तीनदा सुरू करून हळूहळू वाढवतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते एकदम बंद केले तर भ्रम होऊ शकतो आणि फिटही येऊ शकते, ही सूचना चिठ्ठीवर लाल शाईने असावी.

लघवीचा प्रश्न रुग्ण स्वतःहून काढत नाही, विशेषतः बायका. एसटीचा प्रवास असला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद, मग लघवी दाट, मग संसर्ग, मग पाय जड, मग ‘झटका आला’. आणि घाईची लघवी म्हणून ऑक्सिब्युटिनिन लिहिले जाते, मूत्राशयात मागे किती उरते ते न बघता. उरलेली लघवी १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असताना हे औषध दिले तर लघवी तुंबते. तपासणी सोपी आहे: लघवीला जाऊन या, पाच मिनिटांत सोनोग्राफीचा प्रोब ठेवा, आकडा लिहा. जास्त उरत असेल तर दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः नळी घालायला शिकवायचे. हे सिस्टरने आरशासमोर, दोनदा बसून शिकवायचे काम आहे. ते चित्राच्या कागदावरून शिकता येत नाही. एकदा जमले की माणूस लग्नाला जातो, शेतात जातो, परीक्षेला बसतो. आजारातल्या दुसऱ्या कोणत्याही एका गोष्टीने रोजच्या जगण्यात एवढा फरक पडत नाही, असे आमचे मत आहे.

प्रमाणपत्राचेही इथेच सुटेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत एमएस आहे. पण नोकरीतल्या आरक्षणाच्या कलम ३४ मध्ये त्याचे नाव वेगळे नाही; बहुधा अस्थिव्यंगाच्या वाटेनेच जावे लागते. मग यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी वैद्यकीय मंडळासमोर डिसेंबरच्या सकाळी, झोप झालेला, चालत आलेला रुग्ण उभा राहतो आणि टक्केवारी चाळिसाच्या खाली येते. त्याचा थकवा, विसर आणि मूत्राशय टेबलापलीकडून दिसत नाही. क्लिनिकने वर्षभराचे आकडे, ईडीएसएस (एमएसमधली अक्षमता मोजणारी) श्रेणी, दुपारी घेतलेली चालण्याची वेळ, उरलेल्या लघवीचे माप असा एक पानी अहवाल मंडळाला दिला, तर मंडळालाही निर्णय सोपा जाईल. काठीशिवाय ५०० मीटर चालणे म्हणजे श्रेणी ४, एका काठीने १०० मीटर म्हणजे ६, असे हे मोजमाप ठरलेले आहे, त्यात अंदाजपंचे काही नाही. हे काम वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांचे. त्यांना त्या वारी क्लिनिकमध्येच टेबल द्या.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत, आणि रुग्णांना धरून ठेवण्याचे बरेच काम तिथेच होते. पण नोंद, साठा, खुर्ची आणि सिस्टर ही सरकारचीच कामे.

सुरुवात पाच ठिकाणी करता येईल: मुंबईत पालिकेचे एक आणि राज्याचे एक, पुण्यात ससून, छत्रपती संभाजीनगरात घाटी, नागपुरात मेडिकल. आदेशात तीनच ओळी लागतील: कोणता वार, कोणती खोली, आणि फोन कोणत्या सिस्टरच्या हातात. त्या तीन ओळी कळवाव्यात, ही विनंती. वेळापत्रकाचा तक्ता, सिस्टरचा प्रश्नसंच आणि एमआरआयच्या शिक्क्याचा मजकूर आम्ही मराठीत तयार करून देतो.

आपले,
एमएस असलेल्या व्यक्ती, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट व वैद्यकीय समाजसेवक